गिरणीच्या दारातली पायरी

दगड बोलायचे तेव्हाची गोष्ट. एका पिठाच्या गिरणीत दोन दगड होते. खालचा स्थिर असायचा, वरचा फिरायचा आणि त्याला फिरवणारा पट्टा सारखा ओरडायचा, "पळ, गिऱ्हाईक खोळंबलंय."

दळून दळून दोघे गुळगुळीत झाले. पीठ तापून त्याला करपट वास येऊ लागला. खालचा म्हणाला, "दादा, थांबू या. पाथरवटाकडून टाकी लावून घेऊ. अंगावर खाचा पडल्या की पुन्हा नीट दळता येईल."

"हळू बोल," वरचा कुजबुजला. "दाराकडे बघ."

दाराशी आधीचा दगड पायरी होऊन पडला होता. लोक त्याच्यावर चपला झटकत होते.

"थांबलो तर माझंही तेच होईल. मला नाही लागत टाकी," असं म्हणून तो भीतीनं आणखी जोरात फिरू लागला.

दुपारी तो तडकला. संध्याकाळी त्याचीही पायरी झाली.

नवा दगड आला. त्या दोन पायऱ्या त्यानं पाहिल्या. पट्ट्यानं विचारलं, "तुला मध्येमध्ये टाकी लागेल का?"

"छे, मला नाही लागत," तो घाईनं म्हणाला.

"आम्हीही हेच म्हणालो होतो रे," पायऱ्या झालेले ते दोघे जीव तोडून सांगत होते. पण तोवर गिरणी सुरू झाली होती.