कासवअण्णांची कॉफी

जनावरांना नुकतीच कॉफीची चटक लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. करंजाच्या झाडाखाली साळूबाई नावाच्या साळिंदरीचं एका चुलीचं कॉफीचं दुकान होतं. एक दिवस बरोबर समोर हत्तींनी भलंमोठं कॉफीघर थाटलं. असली कॉफीघरं त्यांची प्रत्येक जंगलात होती. बसायला मऊ गवताच्या गाद्या, आणि नऊ कप प्यायलात की दहावा फुकट!

सगळे तिकडे पळाले. कासवअण्णाही गेले, म्हणजे सकाळी निघाले आणि दुपारी पोचले.

तिथलं माकड त्यांना रोज नव्याने विचारी, "नाव काय?" अण्णा कप पाठीवर ठेवून गादीपर्यंत जात, तोवर कॉफीवर जाड साय धरलेली असे.

इकडे साळूबाईची जुनी सवय सुटेना. अण्णा वळणावर दिसले की ती दूध चुलीवर चढवी, म्हणजे ते टेकायला आणि कॉफी उकळायला एकच गाठ पडे. आता अण्णा समोर वळले की ती कॉफी ती स्वतःच पिई आणि काटे फुलवून बसे.

फुकटच्या कपाचा दिवस आला. अण्णा कॉफीघराच्या दारात पोचले, त्यांनी करंजाखालचा धूर पाहिला आणि ते मागे फिरले.

"अहो, आज तुमचा कप फुकट आहे!" माकड ओरडलं.

"तूच पी बाबा. तिकडे माझं दूध चढलंय, उतू जाईल!" म्हणत अण्णा जन्मात पहिल्यांदा धावत सुटले.

"सावकाश या हो अण्णा!" समोरून साळूबाईची हाक आली. "अजून उकळी फुटायचीय!"