त्रेसष्ट प्रती

घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी एकदा एका शाळामास्तरांनी पुस्तक लिहिले. विश्राम हे त्यांचे नाव. रानभाज्यांचा त्यांना लहानपणापासून नाद. त्याच गावात एक वृद्ध वैद्य राहत. सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणत. त्यांच्या मागोमाग वीस वर्षे डोंगर तुडवून मास्तर पाने, फुले आणि कंद ओळखायला शिकले होते. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात उगवते, कोणती कोवळी असतानाच खुडायची, कशाची खवखव कशाने मरते, हे सारे त्यांनी वह्यांत टिपले होते. त्या वह्यांचे एक नीटनेटके हस्तलिखित झाले.

ते त्यांनी मोठ्या शहरातल्या एका मोठ्या प्रकाशकाकडे धाडले. सात महिन्यांनी उत्तर आले. ‘विषय उत्तम आहे. परंतु याच विषयावरचे आमचे एक पुस्तक वाचकप्रिय आहे, आणि आपले नाव वाचकांना परिचित नाही.’ ते वाचकप्रिय पुस्तक एका नामवंत लेखकाचे होते आणि त्याची अकरावी आवृत्ती चालू होती. मास्तरांना ते पत्र पाठ झाले. जेवताना मध्येच ते म्हणत, “परिचित नाही म्हणे!” पत्नी आणखी एक भाकरी वाढी.

शेवटी त्यांनी तालुक्याच्या छापखान्यातून स्वतःच दोनशे प्रती छापून घेतल्या. मुद्रितेही स्वतःच तपासली आणि ती घाईने तपासली, कारण ऑगस्टमधल्या रानभाजी महोत्सवात पुस्तक मांडायचे होते. महोत्सवात काही प्रती गेल्या, काही शिक्षकमित्रांनी घेतल्या, काही नातेवाइकांना भेट दिल्या. मग सगळे थंड झाले. कुठल्या वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या नाहीत. उलट त्याच महिन्यात त्या नामवंत लेखकाची अर्धे पान भरून मुलाखत आली, फोटोसकट. मास्तर रोज सकाळी उठून कपाटातल्या प्रती पाहत. त्या कमी होत नसत, आणि छातीवर काहीतरी ठेवल्यासारखे त्यांना होई.

बुवांना पहिली प्रत दिली होती. पण त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन लांबले होते, त्यामुळे त्यांचे वाचन राहून गेले. दिवाळी सरल्यावर एका सकाळी त्यांचे बोलावणे आले. मास्तर मनातून हरखले. गुरूच्या तोंडून एक बरा शब्द ऐकला, तरी सगळे भरून निघणार होते.

बुवा ओसरीवर बसले होते. मांडीवर पुस्तक उघडे होते.

“विश्राम, किती प्रती गेल्या रे?”

मास्तरांची मान खाली गेली. “त्रेसष्ट.”

“त्रेसष्टच ना? नक्की?”

“नक्की, बुवा. लाज वाटते सांगायला.”

“भाग्यवान आहेस,” बुवा म्हणाले. “फार मोठं भाग्य तुझं.”

मास्तरांना हे लागले. थट्टा करण्याचा बुवांचा स्वभाव नव्हता, म्हणून अधिकच लागले. बुवांनी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवले. “एकसष्टावं पान वाच. मोठ्यानं.”

ते कडू कंदाचे पान होते. मास्तर वाचू लागले. “कंद सोलून पातळ चकत्या कराव्यात. चकत्या राखेच्या पाण्यात उकळाव्यात.” पान संपले. त्यांनी उलटले. “मग तेलात मोहरी तडतडवून मीठमसाल्यात परताव्यात.” ते थांबले. त्यांनी पुन्हा पान मागे केले, पुन्हा पुढे.

मधली ओळ नव्हती. ते पाणी फेकून द्यावे, असे निदान तीनदा करावे, मग चकत्या रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवाव्यात, अन्यथा कंद विषारी. ही सगळी ओळ पाने जुळवताना गळाली होती. आणि मास्तरांच्या डोळ्यांना ती कधी दिसलीच नाही, कारण ती त्यांना मुखोद्गत होती.

“वेल वाळायला लागलेत,” बुवा शांतपणे म्हणाले. “या आठवड्यात लोक कंद खणतील.”

मास्तर उभेच राहिले. “मी आत्ता शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतो. वर्तमानपत्रात निवेदन देतो.”

“दे. आज दे. ज्यांचे फोन आहेत त्यांना फोन कर. आणि मग त्रेसष्ट घरी जा. प्रत्येक प्रतीत ती ओळ आपल्या हातानं लिही.”

“पण बुवा, फोन केल्यावर जायचं कशाला? शिवाय कोणाकोणाकडे गेलंय, मला काय माहीत?”

“खाली बस. नावं लिहून काढ.”

मास्तरांना वाटले होते, दहावीस नावे आठवतील. दुपारपर्यंत एकसष्ट नावे कागदावर उतरली. महोत्सवात घासाघीस करणारा कंडक्टर आठवला, पुस्तक घेऊन ‘चित्रं कमी आहेत’ म्हणणारी नर्स आठवली. आपले एवढे वाचक आपल्याला चेहऱ्यानिशी ठाऊक आहेत, हे त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. आणि त्यातला प्रत्येक चेहरा आता चुलीपुढे दिसत होता.

मास्तरांनी निरोप आणि निवेदन धाडले, सापडले तेवढे फोन केले आणि शाळेत रजा टाकली. एसटी, सायकल आणि पाय. पहिल्या घरी त्यांनी उभ्या उभ्याच सांगितले. “माझ्या पुस्तकात चूक आहे. दुरुस्त करायला आलोय.” घरचा माणूस आधी हसला, मग मास्तरांचा चेहरा पाहून गंभीर झाला. एका घरी पुस्तक न उघडलेले होते. पाने एकमेकांना चिकटलेली. एका घरी त्यावर गरम पातेले ठेवल्याचा काळा गोल होता. एरवी मास्तर दुखावले असते. आता त्यांना हायसे वाटले, इथे कोणी वाचले नाही! आणि तसे वाटल्याबरोबर आपलीच चमत्कारिक लाज वाटली. एका घरी प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. तिथे त्यांनी लिहिलेली ओळ दोनदा वाचून पाहिली.

एका निवृत्त पोस्टमास्तर बाईंकडे दोन्ही पुस्तके शेजारी होती, यांचे आणि नामवंतांचे. बाईंनी ते दुसरे उघडून दाखवले. “हे बघा. नाव शेवळ्याचं आणि फोटो भलत्याच झाडाचा. मी तीन वर्षांमागं पत्र लिहिलं.”

“मग?”

“छापील कार्ड आलं. ‘आपला अभिप्राय आदरपूर्वक वाचला.’ फोटो आहे तिथंच आहे.”

मास्तरांना क्षणभर बरे वाटले. अगदी क्षणभरच. मग त्यांनी आपल्या पुस्तकाचे एकसष्टावे पान उघडले आणि पेनचे टोपण काढले.

सहाव्या दिवशी बासष्टावी प्रत सापडली. व्हॉट्सअॅपवरचा निरोप फिरत फिरत ती घेणाऱ्यापर्यंत पोचला आणि त्याचा आपणहून फोन आला. त्रेसष्टावी मात्र सापडेना. महोत्सवात एका तरुण बाईने ती घेतली होती, कडेवर लहान मुलगी होती, इतकेच मास्तरांना आठवत होते. त्यांना जेवण जाईना. कुठे रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला तरी ते दारात येऊन उभे राहत. जगात दोनशे प्रतींचे लेखक होण्यापेक्षा एकही प्रत नसलेले असणे बरे, असे त्यांना वाटू लागले.

आठव्या दिवशी त्यांना सुचले, महोत्सवात शेजारच्या स्टॉलवर बचत गटाच्या बायका भाकऱ्या विकत होत्या. त्यांतल्या एकीला विचारले. ती लगेच म्हणाली, “ती होय? ती धरणापल्याडच्या वाडीतली. नवरा धरणावर वायरमन हाय. शहरातनं आल्याली सून, पर लई हौशी.”

मास्तरांनी पहिली एसटी पकडली. धरणापासून वाडीपर्यंत पाऊण तासाची वाट. वाटेच्या कडेने ताजे खड्डे दिसत होते; वाळलेले वेल बाजूला ओढून टाकलेले. मास्तर चालायचे सोडून धावू लागले. पन्नाशीच्या माणसाने धावावे तसे, धाप लागली की थांबत, पुन्हा धावत.

घराच्या दारापर्यंत फोडणीचा वास आला. त्यांनी दार वाजवले नाही, सरळ हाक मारली. “ताई! काय शिजवताय?”

आतून ती बाई आली, हातात उलथणे. मागे पाटावर तीन वर्षांची मुलगी रिकामी ताटली घेऊन बसली होती.

“तुम्ही कोण?”

“कंद आहे का तो? मुलीला दिला का? ताई, दिला का?”

“अजून नाही. का?”

मास्तर उंबऱ्यातच बसले. मग त्यांनी सगळे सांगितले. बाईंनी गॅस बंद केला. कढई उचलून मागच्या दारी नेली, खड्डा करून कंद त्यात टाकला, वर माती लोटली. मग हात धुऊन आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्यात. त्या असत्या तर मला करू दिलं नसतं. मी म्हटलं, पुस्तक आहे ना. छापलेलं आहे म्हणजे कोणीतरी बघितलं असणार.” त्यांचा आवाज चढला. “कोणी बघितलंच नव्हतं का?”

“मीच बघितलं होतं.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं.”

“माझं पोर गेलं असतं, मास्तर.”

“हो,” मास्तर म्हणाले.

त्यांनी पेन काढून ओळ लिहिली. पुस्तक परत करू लागले, तर बाईंनी हात पुढे केला नाही. “आणखी कुठं चूक नाही हे कशावरून? बसा. सगळं पुस्तक माझ्यासमोर वाचा.”

मास्तरांनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बाई मुलीला वरणभात भरवत ऐकत होत्या आणि मध्येच थांबवत होत्या. “‘थोडा वेळ’ म्हणजे किती?” “‘मूठभर’ म्हणता, पण कोणाची मूठ?” “हे पान आणि ते पान सारखंच वाटतंय, ओळखायचं कसं?” मास्तर उत्तर देत, कागदावर टिपत. दोन ठिकाणी खरीच चूक निघाली, लहान पण चूकच. चौदा ठिकाणी लिहिणाऱ्याला सगळे कळत होते, पण वाचणाऱ्याला काहीच कळत नव्हते. उन्हे कलली तेव्हा शेवटचे पान झाले. आपले पुस्तक कोणी सबंध, शब्दन् शब्द ऐकले आहे, हे मास्तरांच्या तेव्हा ध्यानात आले. त्यांना ज्याची आस होती ते हेच होते, आणि ते या रूपात यावे हे काही त्यांना अपेक्षित नव्हते.

निघताना बाई म्हणाल्या, “आलात हे बरं केलंत.” एवढेच. हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तर बुवांकडे गेले. सारी हकिगत सांगितली. त्यात नामवंतांच्या चुकीच्या फोटोची गोष्टही थोड्या चवीने सांगितली.

बुवा म्हणाले, “त्यांना हसू नकोस. त्यांच्या चुकीमागं धावायचं तर किती दारं ठोठावतील ते? कीर्ती वाढते तसे वाचकांचे चेहरे पुसट होत जातात; हा त्या माणसाचा दोष नाही, त्या उंचीचा आहे. आणि एक विसरू नकोस. त्यांच्या छपाईमागं तपासणारे चार डोळे तरी असतात. तुझ्यामागं कोणी नव्हतं, आणि तुला कोणी असावं असं वाटलंही नाही. स्वतः छापलंस याचा तू अभिमान धरलास, भारही घ्यायला हवा होतास.”

मास्तरांनी दुरुस्त्यांचा कागद बुवांपुढे ठेवला. बुवांनी तो वाचून मान हलवली.

“फोन पुरला असता, तरी घरोघर का पाठवलं, असं तू विचारलं होतंस. तुला त्रेसष्ट हा आकडा लहान वाटत होता म्हणून. आता सांग, लहान आहे?”

“नाही, बुवा. आठ दिवस मला पुरून उरला.”

“लाख प्रती खपल्या, तरी वाचणारा एका वेळी एकटाच असतो रे. प्रत्येक घरी एकच जण पुस्तक उघडतो, एकाच चुलीपुढं, आणि छापलंय म्हणून विश्वास ठेवतो. तो विश्वास लेखकाचं नाव विचारत नाही. नामवंताला जेवढा मिळतो तेवढाच तुलाही मिळाला; तो पेलायचा कसा, एवढंच लेखकाच्या हाती आहे.”

बुवा उठून आत गेले. मास्तर घरी निघाले. छातीवरचे ओझे गेले नव्हते. मात्र ते आता दुसऱ्या कशाचे तरी होते, आणि ते उतरावे असे त्यांना वाटत नव्हते.

पुढच्या आठवडी बाजारात मास्तरांनी दुरुस्त केलेल्या प्रती मांडल्या. एक गृहस्थ आले, त्यांनी पुस्तक चाळले, घेतो म्हणाले. मास्तरांनी वही पुढे ओढली.

“तुमचं नाव, गाव आणि फोन सांगा.”

“माझं?” गृहस्थ हसले. “अहो, पुस्तकावर नाव लेखकाचं असतं. घेणाऱ्याचं कशाला?”

“चूक निघाली, तर यावं लागेल मला,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पेनचे टोपण काढले.