चांगलं दिसणारं पाणी

एका खाडीच्या तोंडाशी एकदा एक बर्फाचा कारखाना होता. होता असंच म्हणायचं, कारण आज तिथे पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतात. पण पंचावन्नला टेकलेला हरेश्वर चोगले त्या बाजूने गेला की त्याची पावलं रेंगाळतात आणि नाकात अमोनियाचा उग्र दर्प आल्यासारखा होतो. दर्प काही सुखद नव्हे. पण तरुणपणीच्या वाईट वासांवरही माणसाचा जीव जडलेला असतो, त्याला काय करणार!

त्या कारखान्याचं यंत्र अच्युतमामा सांभाळत. खाकी हाफ पँट, कानावर पेन्सिल, आणि बोलणं इतकं कमी की शब्दांवर कर बसलाय की काय असं वाटावं. हरेश्वर आयटीआय करून त्यांच्या हाताखाली आला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. बर्फ गोठवताना यंत्रातला अमोनिया तापतो. तो कंडेन्सर नावाच्या मोठ्या नळकांड्यात जातो आणि तिथल्या बारीक नळ्यांतून फिरणारं पाणी त्याची उष्णता घेऊन जातं. मग तेच पाणी टॉवरवरून शिंपडत खाली हौदात उतरतं, वाटेत थोडं वाफ होऊन उडतं, उरलेलं थंड होऊन पुन्हा नळ्यांत शिरतं. हे सगळं हरेश्वरला पाठ होतं. एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हती.

रोज सकाळी मामा हौदाच्या तळाचा कॉक उघडायला सांगत. दोन पिंपं भरतील एवढं नितळ पाणी समोरच्या खाडीत वाहून जाई. मग हौद विहिरीच्या ताज्या पाण्याने भरायचा. "मामा, चांगलं पाणी आहे हो," असं हरेश्वरने एकदोनदा म्हणून पाहिलं. मामा म्हणत, "सोड म्हटलं की सोडायचं."

हरेश्वरच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी मार्चमध्ये मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले ते दोन महिने तिथेच राहिले. कारखाना हरेश्वरच्या हाती आला. नेमका त्याच उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला. ती विहीर साऱ्या कोळीवाड्याची. हरेश्वरची आईसुद्धा तिथेच कळशी घेऊन तासन् तास बसायची. आणि इकडे तिचा मुलगा रोज दोन पिंपं पाणी खाडीला दान करतोय! त्याला शरम वाटली. एप्रिलच्या पहिल्या सकाळी त्याने कॉक उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ही गोष्ट वाड्यात पसरली तेव्हा बायकांनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिले. तो चार बोटं उंच झाला, हे वेगळं सांगायला नको.

मेच्या सुरुवातीला दाबाचा काटा वर सरकू लागला. ऊन फार आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. मग यंत्र दिवसातून दोनदा आपोआप बंद पडू लागलं. दाब हद्दीबाहेर गेला की यंत्र थांबवणारा एक कटआउट होता. ती हद्द ठरवणाऱ्या त्याच्या स्क्रूवर मामांनी लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता, कुणी फिरवला तर रंग तुटावा म्हणून. हंगामाचे शेवटचे दिवस, होड्या भरभरून येत होत्या आणि बर्फ कमी पडत होता. हरेश्वरने स्क्रू अर्धा वळसा फिरवला. यंत्र थांबायचं बंद झालं. अहो, राखणदाराचं तोंड बांधलं की घर शांत वाटणारच.

मामा परतले ते एका सकाळी दहाच्या सुमाराला, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. त्या संध्याकाळी तीन होड्या मासळी घेऊन यायच्या होत्या, त्यांतली एक हरेश्वरच्या मोठ्या भावाची, जनार्दनची. मामांनी काटा पाहिला, हौदापाशी जाऊन कॉक पाहिला, तुटलेला लाल ठिपका पाहिला. चेहऱ्यावर काही नाही. सरळ गेले आणि यंत्र बंद केलं.

"मामा! आज?" हरेश्वर ओरडलाच. "दादाची होडी यायचीय!"

"म्हणूनच. स्क्रू होता तिथे आण. पाणी बंद कर, पाण्याच्या बाजूचं झाकण खोल. गॅसच्या बाजूला हात लावायचा नाही."

झाकण निघालं. एकूणएक नळी आतून पांढरी खरखरीत झाली होती. मामांनी त्याचं बोट धरून नळीच्या आत फिरवलं.

"उडून जातं ते नुसतं पाणी," मामा म्हणाले. "त्यातला क्षार मागेच राहतो. वरून नवं पाणी येतं, तेही आपला क्षार ठेवून उडून जातं. दिसायला नितळ, पण दिवसेंदिवस जड होत जातं. मग ते नळीला धरतं. एवढासा थर असला तरी उष्णतेला बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून ते चांगलं दिसत असतानाच सोडायचं. वाईट दिसेपर्यंत थांबलास तर उशीर झालेला असतो. आणि अमोनियाने वाट फोडली असती ना, तर बर्फ न्यायला आलेल्यांतलं कोणी घरी गेलं नसतं."

हरेश्वर कामाला लागला. नायलॉनचा ब्रश घेऊन एकेक नळी घासत राहिला. मऊ होतं तेवढं निघालं, घट्ट बसलेला थर पावसाळ्यात कारखाना बंद असताना औषधाने काढायचा ठरला. हौद रिकामा करून भरला. यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काटा खाली आला. पण पाच तासांचा बर्फ गेला तो गेलाच.

संध्याकाळी पहिल्या दोन होड्यांना बर्फ मिळाला. जनार्दनच्या होडीपर्यंत जेमतेम निम्मा पुरला. उरलेली सुरमई लोकांच्या डोळ्यांदेखत मऊ पडू लागली. धक्क्यावर ही गर्दी! कारखान्याचे शेठ लाल होऊन आले.

"यंत्र बंद कुणी केलं?"

"मी," मामा म्हणाले. "आणि बंद करायची वेळ आली तीही माझ्याच चुकीने."

"मग डोळ्यांबरोबर अक्कलही गेली वाटतं! उद्यापासून घरी बसा."

मामांनी मान हलवली आणि ते निघाले. तीस वर्षं त्या यंत्राच्या आवाजावर ज्याची झोप आणि जाग ठरली, तो माणूस पाठ फिरवून निघाला. हरेश्वरने आजूबाजूला पाहिलं. समोर दादा उभा होता, आई होती, आशीर्वाद देणाऱ्या साऱ्या बायका होत्या. गप्प बसला असता तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"शेठ, चूक मामांची नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "कॉक मी बंद ठेवला. स्क्रूही मीच फिरवला. मामांनी आज यंत्र थांबवलं म्हणून आपण सगळे इथे उभे आहोत. घरी मला बसवा."

जनार्दनने हातातली टोपली खाली ठेवली आणि धाकट्या भावाकडे नुसता बघत राहिला. शेठ थोडा वेळ घुटमळले. "दोघेही उद्या कामावर या," एवढंच पुटपुटत ते वळले.

तेवढ्यात आई पुढे झाली. "मग आता विहिरीचं काय रे?"

"हौदातलं पाणी प्यायचं नाही, आई. पण धक्का धुवायला चालेल. इतके दिवस आपण विहिरीच्या पाण्याने धक्का धूत होतो. उद्यापासून हौदातलं सोडलेलं पाणी इकडे आणतो. विहिरीचं वाचेल."

मामा परत येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले. हरेश्वरने हळूच विचारलं, "मामा, तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"खोटं नाही बोललो," मामा म्हणाले. "चार वर्षं तुला 'सोड' म्हटलं. 'का' ते एकदाही सांगितलं नाही. मला माहीत होतं, तेवढ्यावर माझं भागत होतं. मी दोन महिने नव्हतो, तर तुझ्यापाशी उरलं काय? नुसता हुकूम. आणि तुझ्यासारखा दयाळू माणूस कारण नसलेला हुकूम कशाला पाळेल? चूक आधी माझीच, बाबा."

मामांना जाऊन आता वीस वर्षं झाली. हरेश्वर तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकवतो. वर्गात कुणी पटकन "कळलं सर" म्हणालं की त्याला धक्क्यावरची ती संध्याकाळ आठवते आणि तो विचारतो, "काय करायचं ते कळलं, की का करायचं ते?"

उत्तर येईपर्यंत तो पुढचा धडा सुरू करत नाही.