उघडे पाय

एका राज्यात सिंहासन होते, पण राजा घुबड झाला होता. कर्कट मांत्रिकाने प्रसेन राजाला नदीकाठी गाठले, मंत्र फुंकला आणि म्हणाला, "आजपासून नदीतले मासे धरून खा." राजा पंख पसरून उडाला. खंड्या पक्ष्याने हे सारे पाहिले, ऐकले आणि राजाच्या धाकट्या बहिणीला, तेरणाला, जाऊन सांगितले.

तिसऱ्या दिवशी कर्कट चार घुबडे घेऊन दरबारात आला. चारही तपकिरी, चारही डोक्यावर पिसांच्या शिंगांची.

"यांत एक तुमचा राजा. सूर्य मावळेपर्यंत तिघांनी एकेकदा हात लावून तो ओळखा. चुकला तो हात दगड होईल. तिन्ही चुकले, तर राज्य माझे."

तेरणा पुढे सरसावली. राजगुरूंनी तिला अडवले. "थांब पोरी. आधी वडीलधारे."

त्यांनी सर्वांत उंच शिंगे निवडली. "ही मुकुटाची खूण." त्यांचा हात कोपरापर्यंत दगड झाला.

अमात्यांनी नारिंगी डोळे निवडले. "हे राजतेज." त्यांचाही हात दगड झाला.

"आता मुहूर्त पाहू," राजगुरू कण्हत म्हणाले.

"मुहूर्त? गुरुजी, सूर्य डोंगराला टेकलाय! उरलेल्या दोन घुबडांचे पाय पाहिलेत?" तेरणाने विचारले.

"घुबडाचे पाय? शिव शिव! तोंड पाहिले तेच पुष्कळ."

"दादाच्या पाया पडल्याशिवाय मी या दरबारात कधी बसले नाही. आजही पडणार."

ती वाकली. एकाचे पाय नखांपर्यंत पिसांनी झाकलेले, लोकरीचे मोजे घातल्यासारखे. दुसऱ्याचे उघडे, खवल्याखवल्यांचे. पाण्यात पाय घालून मासे धरणाऱ्याला पिसांचे ओझे कशाला? तेरणाने उघड्या पायांवर हात ठेवला. पायाखाली गेलेल्या तिच्या बोटांना तळवा कानशीसारखा खरखरीत लागला, निसटता मासा धरण्यासाठीच केलेला.

हात हातच राहिला. समोर प्रसेन राजा उभा होता.

कर्कटाचा मंत्र त्याच्यावरच उलटला. तो चिमूटभर राख झाला. दगडाचे हात पुन्हा मऊ झाले.

"दादा, मासे कसे होते?"

"कच्चे," राजा म्हणाला आणि सिंहासनावर बसला.

राजगुरू डोळे मिटून उरलेली घुबडे हाकलायला निघाले. तेरणा वाटेत उभी राहिली. "आधी पाय पाहा, गुरुजी. मग सोडा."

त्यांनी राजाकडे पाहिले. राजाने घुबडांच्या पायांकडे बोट दाखवले.

राजगुरूंचे गुडघे कुरकुरले. पण ते वाकले, आणि त्यांनी डोळे उघडले.