पाऱ्यावरचे सिंहासन

एका राज्यात न्याय दोराने होत असे.

दोन माणसांचा वाद झाला की दरबारात त्यांना समोरासमोर उभे करीत, एकाच दोराची दोन टोके त्यांच्या हाती देत आणि मधोमध पांढऱ्या मातीची रेघ ओढीत. जो दुसऱ्याला रेघेपलीकडे ओढून आणी, त्याचे म्हणणे खरे ठरे. ही रीत कोणी घातली हे कोणालाच आठवत नव्हते. निवाडा झटपट होई, बघायला गर्दी जमे, म्हणून ती टिकली असावी.

राजाचे नाव धृतिमान. मनाने मऊ होता, पण जुन्या रीतीला हात लावण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते.

राज्याच्या टोकाला एका डोंगरावर कुलिक नावाचा मांत्रिक राही. अंगाने काडीसारखा. त्याच्या अंगणात सुरंगीचे झाड होते, आणि शेजारचा एक मल्ल ते आपले आहे असे म्हणू लागला. दरबारात दोर ओढला गेला. कुलिक रेघेपलीकडे नाकावर आपटला. लोक हसले. मल्लाने त्याच आठवड्यात झाड तोडून घराला तुळई घातली.

"महाराज, झाड माझे होते," कुलिक म्हणाला.

"असेल," राजा म्हणाला. "पण दोर तसे म्हणत नाही."

कुलिकाने मूठभर पांढरी माती उचलून हवेत उधळली. दरबाराची मधली फरशी वितळली आणि तिचे पाऱ्याचे तळे झाले. राजाच्या सिंहासनाखाली एक मोठे दगडी चक्र तेवढे उरले. ते पाऱ्यावर तरंगू लागले. त्याला ना खालून आस, ना वरून साखळी. सिंहासन उत्तरेच्या भिंतीकडे वळले, आणि राजाची पाठ प्रजेकडे झाली.

"हे चक्र आपली जागा न सोडता फिरेल," कुलिक म्हणाला, "आणि राजाचे तोंड प्रजेकडे होऊन थांबेल, तेव्हा शाप सुटेल. पण चक्राची कड काठाला लागली तर राजा दगड होत जाईल. पहिल्यांदा पाय. दुसऱ्यांदा कंबर. तिसऱ्यांदा छाती. पाऱ्यात जो उतरेल तोही दगड होईल."

एवढे बोलून तो डोंगरावर निघून गेला.

राजाला जुळी मुले होती. राजकन्या मंदारमाला घटकाभराने थोरली, आणि राजपुत्र चित्ररथ चौपट बळाचा. गादीवर थोरलेपणाने बसायचे की बळाने, यावरून दोघांचे लहानपणापासून वाजत आले होते.

चित्ररथाने चक्राच्या कडेच्या लोखंडी कड्यांत काठावरून दोरांचे आकडे फेकून अडकवले आणि राज्यातले सगळे मल्ल एकाच काठावर उभे केले. "एकदिलाने ओढा!" तो ओरडला. सगळ्यांनी ओढले. चक्र किंचित वळले खरे, पण वळायच्या आधीच सरकत आले आणि काठावर आदळून परत मधोमध गेले. राजाचे पाय दगड झाले.

"एकीकडूनच ओढल्यावर ते येणार नाही तर काय होईल?" मंदारमाला म्हणाली. "दोन्हीकडून ओढू. मग ते जागा सोडणार नाही."

आता ती माणसे त्या राज्यातली होती. दोन्हीकडून ओढायचे म्हणजे समोरासमोर उभे राहून, दोन दोर एका सरळ रेषेत, याखेरीज दुसरे काही त्यांच्या मनातच येईना. ती एका काठावर, तो दुसऱ्या काठावर, आणि त्याच रेषेवर मधोमध बाप. दोर ताणले गेले. चक्र थरथरले. ना सरकले, ना फिरले. पण समोरून कोणी ओढते आहे असे हाताला कळताच चित्ररथाचे दंड आपोआप फुगले. चक्र त्याच्या काठावर येऊन आपटले. राजाची कंबर दगड झाली.

"ओढलेस ना? राहवले नाही ना तुला?"

"दोर हातात आल्यावर मी काय करू, अक्का? कुरवाळू?"

"बाबा दगड होताहेत आणि तुला थट्टा सुचते!"

सिंहासनाच्या उंच पाठीमागून राजाचा आवाज आला. "मला इथून काही दिसत नाही. कोण जिंकले?"

दोघांनी दोर खाली टाकले.

राजवाड्याच्या वडावर एक बोलका धनेश पक्षी राहत असे. तो खाली आला आणि काठावर बसला. "आता एकदाच चूक करता येईल," तो म्हणाला. "ती करण्याआधी कुलिकाकडे जा. वाट मी दाखवतो. पण हळू चाला. माझी चोच जड आहे, मला वरचेवर बसावे लागते."

डोंगरावर कुलिकाच्या घराला अखंड शिळेचे दार होते. दोन्ही कडा सारख्याच दिसत; बिजागरी कुठल्या बाजूला ते कळत नव्हते.

"उघडा आणि या," आतून आवाज आला.

चित्ररथाने डाव्या कडेशी खांदा लावला. अंगावरच्या शिरा तटतटल्या, पण दार हलेना.

"सरक," मंदारमाला म्हणाली. तिने दाराला एक बोट लावले, थोडे रेटून पाहिले, हातभर उजवीकडे जाऊन पुन्हा रेटले. असे करीत ती उजव्या टोकाला पोचली, तेव्हा त्या एका बोटाने शिळा कुरकुरली आणि उघडली.

चित्ररथ बघतच राहिला. "मी बिजागरीलाच ढकलत होतो?"

"इतका वेळ," धनेश म्हणाला.

अंगणात, तोडलेल्या सुरंगीच्या बुंध्यावर, एक लांबलचक तुळई आडवी टाकलेली होती. तिच्या आखूड बाजूवर, बुंध्याला अगदी खेटून, दगडी हत्ती बसवला होता. "हत्ती उचला," आवाज आला. "त्याला हात लावायचा नाही, आणि तुम्ही तुळईवर चढायचे नाही."

मंदारमाला विचार करू लागली. या वेळी चित्ररथाला आधी सुचले. मघाचे दार अजून त्याच्या मनात सलत होते. "धनेशा, तुळईच्या पार त्या टोकाला जाऊन बस."

"मी? हत्तीसमोर?"

"बस तर खरा."

धनेश उडत टोकाला गेला आणि चोच पुढे काढून बसला. टोक खाली आले, हत्ती वर उचलला गेला. धनेशाने मान वळवून हत्तीकडे पाहिले, आणि त्या दिवसापासून तो आपल्या जड चोचीबद्दल कधी तक्रार करीनासा झाला.

जोराला जोर येतो तो अंतराने, एवढे दोघांना कळले. पण दाराला बिजागरी होती, तुळईला बुंधा होता. पाऱ्यावरच्या चक्राला काय होते?

कुलिक ओसरीवर बसला होता. पुढ्यात घंगाळभर पाणी, आणि पाण्यावर एक कमळाचे पान. पानावर चिकणमातीचा इवलासा माणूस, भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"याचे तोंड माझ्याकडे करा," कुलिक म्हणाला. "पान जागचे हलता कामा नये. त्याला फक्त कडेवर बोट लावायचे."

चित्ररथाने बोट लावले. पान पलीकडे गेले. मंदारमालेने लावले. पान अलीकडे आले.

"नखाने नको, अक्का. अलगद."

"मला शिकवू नकोस. तू बाजूला हो."

"तू हो. मघाशी दार तू उघडलेस, आता माझी पाळी."

"पाळी कसली? तुळईवर तुझीच होती की!"

बोलता बोलता दोघांनी एकाच क्षणी हात घातले. तिचे बोट पानाच्या उत्तरेच्या कडेला लागले आणि तिने पूर्वेकडे रेटले. त्याचे बोट दक्षिणेच्या कडेला लागले आणि त्याने पश्चिमेकडे रेटले. पान इकडे गेले नाही, तिकडे गेले नाही. ते जागच्या जागी गरकन फिरले, आणि मातीच्या माणसाचे तोंड कुलिकाकडे झाले.

पाणी तेवढे हलत होते.

"आमचे दोर एका रेषेत होते," मंदारमाला हळूच म्हणाली. "दोघांच्या मध्ये अंतरच नव्हते."

"अंतर हवे," कुलिक म्हणाला. "आणि जोर सारखा हवा. जास्त ज्याचा, त्याच्याकडे चक्र जाणार. शाप माझा आहे, पण तो सोडवणे माझ्या हातात नाही. जा."

दरबारात प्रजा दक्षिणेच्या काठावर जमली होती. धनेशाने चोचीत दोर धरून चक्राला वळसे घातले आणि टोके कड्यांत अडकवली. मंदारमाला पूर्वेच्या काठावर उभी राहिली. तिचा दोर चक्राच्या उत्तरेच्या कडेवरून सुटून तिच्याकडे आला. चित्ररथ पश्चिमेच्या काठावर. त्याचा दोर दक्षिणेच्या कडेवरून आला. एक दोर पूर्वेला जात होता, एक पश्चिमेला. दोन्ही समांतर, आणि मध्ये चक्राच्या रुंदीएवढे अंतर.

"दोर एका रेषेत नाहीत!" गर्दीतला तो झाड तोडणारा मल्ल ओरडला. "ही कसली ओढाओढ? जिंकणार कोण?"

"तू गप्प राहा," धनेश म्हणाला.

ओढायला सुरुवात झाली आणि चक्र पश्चिमेकडे घसरू लागले.

"चित्ररथा!" मंदारमाला किंचाळली.

चक्राची कड काठापासून वीतभर राहिली होती. चित्ररथाने दात आवळले. दोर ढिला सोडणे त्याने जन्मात केले नव्हते. त्याच्या हातांना ते ठाऊकच नव्हते. त्याने ढील दिली. दुसऱ्या बाजूने मंदारमालेच्या ओढीने चक्र हळूहळू परत मधोमध आले.

"अक्का," तो म्हणाला, "आधी तू ओढ. तू ओढशील तेवढेच मी ओढीन."

तिने ओढले. त्याने काठ आणि कड यांच्यातल्या फटीवर डोळा ठेवला. फट कमी व्हायला लागली की तो हात सैल करी, वाढायला लागली की थोडा आवळी. तीही आता फटीकडेच पाहत होती. त्याच्या घामेजल्या कपाळावर नसांचे जाळे उठले. चौपट बळाचा तो माणूस चौथाई जोर लावताना जितका थकला, तितका मल्लांसोबत कधी थकला नव्हता.

चक्र फिरू लागले.

"भिंत सरकते आहे," राजा म्हणाला. मग त्याला पूर्वेचा काठ दिसला. "मंदारमाला! केवढी वाळलीस ग." मग दक्षिण आली, प्रजा आली, आणि सगळ्यांनी एकच जल्लोष केला. पण पाऱ्यावरची वस्तू एकदा फिरू लागली की आपण होऊन थांबत नाही. राजाचे तोंड प्रजेसमोरून पुढे गेले. दोर ढिले पडले. राजा पश्चिमेकडे वळला, आणि त्याने हात पुढे केला.

"चित्ररथा, बाळा, धर!"

चित्ररथ काठावर गुडघ्यांवर बसला. कडी त्याच्या बोटांपासून हातभर अंतरावरून जात होती.

"एकट्याने धरू नकोस!" पलीकडून मंदारमाला ओरडली. "ते तुझ्याकडे येईल! दोर धर. मीही धरते."

बापाचा हात समोरून जात होता, आणि चित्ररथाने आपला हात मागे घेतला. त्याने दोर उचलला.

चक्राभोवती दोर आता उलट्या बाजूने गुंडाळले जाऊ लागले. दोघांनी टाचा रोवल्या आणि सारख्या ताणाने ते धरून ठेवले. दोघांनी फिरवलेले दोघांनीच थांबवायचे होते. राजा पुन्हा भिंतीकडे गेला, तिथून सावकाश वळत आला, आणखी सावकाश झाला, आणि प्रजेसमोर येऊन थांबला.

दगड खपल्यांसारखा गळून पडला. पाऱ्याची फरशी झाली. राजा उभा राहिला, डगमगला, आणि दोन्ही मुले दोन्ही बाजूंनी धावत आली.

"कोण जिंकले?" कोणीतरी विचारले. राजाने तिकडे लक्ष दिले नाही.

पुढे गादीवर कोण बसले? दोघेही बसले असे म्हणतात. ते कितपत सोपे गेले असेल, सांगता येत नाही. फट कमी होताना दिसली की हात सैल करायचा, एवढे मात्र दोघे विसरले नाहीत.

राजा दुसऱ्याच दिवशी डोंगर चढून गेला. दगड झालेले पाय अजून नीट उचलत नव्हते. त्याच्या हातात सुरंगीचे रोप होते. कुलिक अंगणात बुंध्यावर बसला होता.

"झाड तुझे होते," राजा म्हणाला.

कुलिकाने रोपाकडे पाहिले. "दोर काय म्हणतो?"

"दोराला विचारले नाही," राजा म्हणाला, आणि रोपासाठी माती उकरायला खाली बसला.