धैवतावरचं उतरणं

ज्या काळी राजेसुद्धा गाणं ऐकायला जमिनीवर बसत, त्या काळची ही गोष्ट.

एका गावात एक म्हाताऱ्या गाणाऱ्या बाई होत्या. त्यांची एकच शिष्या होती. पोर हुशार, पण जिभेला विसावा नाही.

एके दिवशी बातमी आली, की डोंगरावरच्या देवळात एक थोर गायक सकाळी गाणार आहेत. वयामुळे हे त्यांचं शेवटचंच गाणं. बाईंचे गुडघे गेलेले. डोंगर चढणं शक्य नव्हतं.

त्यांनी शिष्येला जवळ बसवलं. "ते तोडी गातील. वरच्या षड्जावरून ते कोमल धैवतावर असे उतरतात, की तसं कुणी उतरत नाही. तरुणपणी एकदा ऐकलं होतं, पण गळ्यात आलं नाही. जाण्याआधी पुन्हा ऐकायचंय मला. तेवढं घेऊन ये."

"एवढंच ना बाई? आणते!"

शिष्या देवळात गेली. पायरीशी चपला काढल्या आणि सभामंडपात शेजारच्या कुंभारणीजवळ जाऊन बसली. गायकांनी दोन सूर लावले न लावले, तोच ही म्हणाली, "तोडी! ओळखली मी."

"असू दे की," कुंभारीण म्हणाली.

मग हिने मांडीवर ताल धरला. मांडी कुंभारणीच्या मांडीला लागून, त्यामुळे प्रत्येक थाप तिलाही बसत होती. "आता सम येईल बघा मावशी. आली! आणि आता जरा श्वास कमी पडला हं त्यांचा."

"अगं बये, तुझा कधी कमी पडणार?"

आता काय सांगावं या मुलीला! समोर पंगत वाढलेली, आणि ही पानांची गणती करत बसलेली.

गायक हळूहळू वरच्या षड्जावर पोचले. सगळं देऊळ स्थिर झालं. शिष्या कुंभारणीच्या कानाशी लागली. "आता नीट ऐका हं मावशी. माझ्या बाईंनी मुद्दाम सांगितलंय. आता ते धैवतावर..."

सभामंडपातून एकदम मोठा उसासा उमटला. कुणी डोळे पुसले.

"काय झालं?" शिष्येने विचारलं.

"झालं ते."

"पुन्हा घेतील ना?"

"दही आहे का ते, पुन्हा वाढायला?"

गायकांनी ती जागा पुन्हा घेतली नाही.

घरी आल्यावर शिष्येने सगळं सांगितलं. ताल कोणता, श्वास कुठे घेतला, तान कुठे डगमगली.

बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि ते उतरणं? गाऊन दाखव."

शिष्येने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. तिने मान खाली घातली.

तेवढ्यात कुंभारीण बाईंचा नवा घडा घेऊन दारात आली. काय झालं ते तिने ओळखलं. "माझा गळा फाटका आहे माय," ती म्हणाली, "पण असं काहीसं होतं." आणि ती गुणगुणली. गुणगुणताना तिचा तळवा घड्याच्या गळ्यावरून पोटावर आला. कुठे धक्का नाही, कुठे घाई नाही.

बाईंनी डोळे मिटले. "तेच," त्या म्हणाल्या. "अगदी तेच."

शिष्या रडू लागली. "बाई, मला शिकवा ना ते."

"मला येत असतं, तर तुला डोंगरावर कशाला धाडलं असतं? आता हिच्याकडे जा."

दुसऱ्या दिवसापासून शिष्या रोज चाकापाशी जाऊन गप्प बसू लागली. बोलली, की कुंभारीण तिला माती तुडवायला लावी. पहिल्या महिन्यात तिने बरीच माती तुडवली.

पुढे ती मोठी गायिका झाली. लोक माना डोलावत. पण तोडीत धैवतावर उतरताना ती दर वेळी क्षणभर अडखळे. कारण तो सूर तिच्यासमोर लागला होता, आणि तिने तो ऐकला नव्हता.

म्हणून बाळांनो आणि मोठ्यांनो, ऐकायला बसताना आपलं शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावं.