उजेड कुठवर जातो

"आणि उजेड पडलाच नाही तर?" भन्ते शीलानंदांनी विचारलं.

"तर ते कण नुसते पडून राहतात, भन्ते. कुणाला काही करत नाहीत."

डॉक्टर संयुक्ता गजभिये सांगताना खुलली होती. लहानपणी ती टेकडीवरच्या याच विहारात भन्तेंपाशी शिकली. आज स्वतःचं संशोधन घेऊन आली होती. भन्तेंच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती. कॅन्सरची.

डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण, ती सांगत होती, रक्तातून जाऊन गाठीत साठतात. लाल उजेड टाकला की चमकतात. रोग कुठवर पसरलाय ते दाखवतात. उजेड वाढवला की तापतात आणि रोग जाळतात.

"म्हणजे दाखवणारा तोच, जाळणाराही तोच?"

"तोच!"

"वा…" भन्ते सरसावून बसले. "मग?"

"उंदरांवर जमलं. माणसांत पहिले तुम्ही. रीतसर परवानगी मिळालीय. चला माझ्याबरोबर. बरं करूनच परत आणते तुम्हाला."



बाहेर ऊन रणरणत होतं. दार लोटलेलं, त्यामुळे खोलीत अंधारच होता. भन्तेंनी कोनाड्यातली बॅटरी घेतली, लावली आणि तळहाताखाली धरली.

बोटं लालभडक झाली.

"दिसतंय?"

"दिसतंय."

मग त्यांनी बॅटरी गाठीला टेकवली.

टेकवली तिथली कड तेवढी लाल झाली. बाकीची गाठ काळीच.

संयुक्ता वाकून बघत राहिली.

"उंदरांच्या गाठी…" ती अडखळली. "वाटाण्याएवढ्या होत्या, भन्ते."

"हं."

"आमचा उजेड या बॅटरीपेक्षा आत जातो. पण एवढ्या खोल…"

भन्तेंनी बॅटरी बंद केली.

"माहीत नाही."

कुठल्याही व्याख्यानात तिने हे शब्द उच्चारले नव्हते. तिने पिशवी उचलली.

"बरं करूनच आणते असं तुम्हाला सांगायला नको होतं मी. उपयोग होईलच असं नाही. आजूबाजूला भाजेल कदाचित. त्रासच होईल नुसता…"

भन्ते भिंतीला धरून सावकाश उठले. खुंटीवरचं चीवर खांद्यावर घेतलं. पायांनी चाचपडत चपला शोधल्या.

"भन्ते, एवढ्या उन्हात कुठे निघालात?"

"माहीत नाही ना? मग बघू या. गाडी कुठे लावलीस?"